आंदणाची म्हैस आणि रोजची ढेप : उद्यान, तरणतलाव, नाट्यगृह यांवरून नगरपालिकेत भांडण का होते?

‘तरणतलावाचा विषय गदारोळात मंजूर’, ‘उद्यान ठेक्याने देण्याचा ठराव तहकूब’ अशा धाटणीचे मथळे खान्देशातल्या वाचकाला नवे नाहीत. मधली काही वर्षे ते दिसेनासे झाले होते, कारण भांडायला सभागृहच नव्हते. बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि जळगाव, धुळे या महापालिकांची २०२३ मध्ये संपली, आणि कारभार प्रशासकाच्या एका सहीवर चालू राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या, सदस्य पुन्हा खुर्च्यांवर आले, आणि मथळेही परतले. मात्र बातमी पूर्ण वाचूनही नेमका वाद कशाचा होता, कोण कशाला नाही म्हणाले आणि त्यामुळे आपल्या घरपट्टीचे काय होणार, हे सामान्य वाचकाला क्वचितच कळते.

हा दोष वाचकाचा नाही. एका नगरपरिषदेच्या प्रेक्षक कक्षात बसून मी अशी एक सभा पाहिली आहे. सभा लिपिकाने एका दमात वाचले, ‘विषय क्रमांक १४, खुल्या जागेत तरणतलाव बांधणेकामी येणाऱ्या खर्चास मंजुरी देणेबाबत.’ वाक्य संपण्याआधीच एका बाकावरून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज आला, समोरून ‘आमचा विरोध नोंदवा’ असे कोणी ओरडले, दोन सदस्य उभे राहून परस्परांच्या प्रभागांतल्या गटारी मोजू लागले आणि चार-पाच मिनिटांत पंधरावा विषय सुरू झाला. माझ्या शेजारी बसलेले पांढऱ्या टोपीचे एक आजोबा हळूच म्हणाले, ‘पेवाले पानी नही, नि पव्हाले तलाव कसाले?’ त्या संपूर्ण गदारोळात विचारला गेलेला खरा प्रश्न तो एकच होता. त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही, म्हणून ते पायरीपायरीने पाहू.

सभागृहात कोणाच्या हातात काय असते?

खान्देशातल्या नगरपरिषदा, म्हणजे भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार, शहादा वगैरे, १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाखाली चालतात. जळगाव आणि धुळे या २००३ पासून महापालिका आहेत, त्यांना १९४९ चा वेगळा कायदा लागू आहे. दोन्हींचा सांगाडा एकच. निवडून आलेले सदस्य ठरवतात आणि शासनाने नेमलेला अधिकारी (नगरपरिषदेत मुख्याधिकारी, महापालिकेत आयुक्त) त्याची अंमलबजावणी करतो. सर्व सदस्यांच्या बैठकीला सर्वसाधारण सभा म्हणतात. तिच्यापुढे येणाऱ्या कामांची यादी म्हणजे विषयपत्रिका, घेतलेला निर्णय म्हणजे ठराव, आणि झालेल्या कामकाजाची अधिकृत नोंद म्हणजे इतिवृत्त. एवढे चार शब्द माहीत असले की बातमी निम्मी उलगडते.

ठराव झाला म्हणजे काम सुरू झाले असे मात्र नाही. घरात ‘यंदा वरचा मजला काढायचा’ असे ठरले, तरी मिस्त्रीचा अंदाज, पैशाची सोय आणि परवानगी बाकी असतेच. त्याचप्रमाणे ठरावानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यादेश अशी रांग असते. ‘पाच वर्षांपूर्वी मंजूर झालेले उद्यान गेले कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा या रांगेतच कुठेतरी अडकलेले असते.

उद्यान हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे का?

गोंधळाची पहिली गाठ इथे आहे. १९६५ च्या कायद्याचे कलम ४९ नगरपरिषदेच्या कामांचे दोन गट करते. रस्त्यावरचे दिवे, सफाई, पाणीपुरवठा, आग विझवणे, जन्ममृत्यूची नोंद ही कामे बंधनकारक आहेत, ती करावीच लागतात. उद्याने, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, सभागृहे ही कामे ऐच्छिक गटात येतात, म्हणजे ऐपत आणि इच्छा असेल तर करावीत. दुसरीकडे, १ जून १९९३ पासून लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. तिच्यात नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत, आणि उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा पुरवणे हा त्यांपैकी एक आहे.

त्यामुळे सभागृहात एक सदस्य ‘हे आपले काम नाही’ म्हणतो आणि दुसरा ‘घटनेत लिहिले आहे’ म्हणतो, तेव्हा दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. घटनेने विषय सोपवण्याची वाट उघडली, सक्ती केलेली नाही. व्यवहारात याचा परिणाम असा होतो, की नळाला पाणी आले नाही तर नगरपालिकेला जाब विचारता येतो, पण बागेतला झोपाळा तुटला तर विनंती करावी लागते. माझ्या मते ही विभागणी आता जुनी झाली आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या आणि दोन खोल्यांच्या घरांनी भरलेल्या शहरात संध्याकाळी बसायला झाडाखालची जागा असणे ही चैन नव्हे. पण कायदा आज तसा आहे, आणि सभागृहातला वाद त्याच्या चौकटीतच चालतो.

पैसा एकाच पिशवीत नसतो

‘आधी पाणी द्या, मग तलाव बांधा’ हा युक्तिवाद सगळ्यांना पटतो, कारण आपण घर तसेच चालवतो. आधी किराणा, उरले तर सिनेमा. पण घरात पगार एकाच खिशात येतो, नगरपालिकेचे तसे नाही.

तिच्या उत्पन्नाचा एक भाग स्वतःचा असतो : मालमत्ता कर म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानगाळ्यांचे भाडे, बांधकाम परवानगीचे शुल्क. एके काळी जकात हा मोठा आधार होता. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि त्या बदल्यात शासनाचे सहायक अनुदान आले, म्हणजे स्वतःची विहीर बुजली आणि शेजारच्या विहिरीवरून पाट मिळाला. दुसरा भाग अनुदानांचा. ही अनुदाने चिठ्ठी लावून येतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना दिलेल्या अनुदानाचे उदाहरण घ्या : त्यातले ४० टक्के मोकळे होते, ३० टक्के पिण्याच्या पाण्यासंबंधीच्या कामांना आणि ३० टक्के स्वच्छता व घनकचऱ्याला बांधलेले होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत योजनेत पाणी आणि मलनिस्सारणावर भर होता, पण बागा आणि हिरव्या जागांसाठीही वेगळा लहानसा वाटा होता. राज्याच्या योजनांतून आलेला बागेचा निधी बागेलाच वापरावा लागतो, त्यातून जलवाहिनीचा एक पाइपही घेता येत नाही.

म्हणून ‘तलावाच्या पैशातून पाणी द्या’ ही मागणी बांधकामाच्या टप्प्यावर बहुधा लागू पडत नाही. तलाव नाकारला तर तो निधी पाण्याकडे वळत नाही, तो परत जातो किंवा दुसऱ्या गावाला मिळतो. सत्ताधारी सदस्य सभागृहात हेच सांगतात, आणि इथवर त्यांचे बरोबर असते.

पुढचा भाग ते सांगत नाहीत. पूर्वी लेकीला सासरी पाठवताना आंदणात म्हैस देण्याची रीत होती. म्हैस फुकट आली म्हणून सासरच्यांना आनंद होई. पण कडबा सासरच्यांनीच आणायचा, सरकीची ढेप त्यांनीच विकत घ्यायची, आणि म्हैस भाकड झाली तरी दावणीला बांधून ठेवायची. शासनाचे बांधकाम अनुदान ही आंदणाची म्हैस आहे. ते इमारत देते. चौकीदार, वीजबिल, माळी, पंप दुरुस्ती यांसाठी ते काही देत नाही, तो खर्च नगरपालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून होतो, आणि तिथे मात्र पिशवी खरोखरच एक असते. घरपट्टीच्या त्याच रुपयातून गटार उपसणाऱ्याचा पगार निघतो आणि त्यातूनच तलावाचा पंप चालतो.

इमारत बांधणे हा भांडवली खर्च, ती चालवणे हा महसुली खर्च. शब्द जड वाटतात, पण म्हैस आणि ढेप एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. आजोबांचा प्रश्न पहिल्या खर्चाला लागू नव्हता आणि दुसऱ्याला पुरेपूर लागू होता. सभागृहात भांडण मात्र जवळजवळ नेहमी पहिल्यावरून होते.

तरणतलावाचे गणित

आता आजोबांच्या शंकेतले पाणीच मोजून पाहू. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा तलाव धरला, तर त्यात सुमारे ४ लाख ६९ हजार लिटर पाणी मावते. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी दररोज १३५ लिटरचे मान धरतात. त्या हिशेबाने हे पाणी साधारण ३,४७० माणसांचे एका दिवसाचे झाले. आकडा मोठा वाटतो खरा, परंतु तलावाचे पाणी रोज बदलत नाहीत, तेच पाणी गाळून, क्लोरीन टाकून पुन्हा आत सोडतात. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी रोजची भर ३,१२५ लिटरची, म्हणजे तेवीस-चोवीस माणसांच्या वाट्याएवढी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात तलाव भरताना लोकांच्या पोटात कालवणे स्वाभाविक आहे, आणि टंचाईच्या वर्षी तो कोरडा ठेवणेच शहाणपणाचे. पण गावात पाणी रोज येत नाही ते तलावामुळे नव्हे. त्याची कारणे जुन्या जलवाहिन्या, गळती, अपुऱ्या टाक्या आणि कमी पडणारी वीज यांत शोधावी लागतात.

ढेपेचा खर्च कुठे आहे ते पाहा. पुढचे आकडे कोणत्याही एका गावाचे नाहीत, हिशेब कसा मांडावा हे कळावे म्हणून धरलेले आहेत. तीन जीवरक्षक, गाळणी यंत्रावर दोन माणसे आणि एक लिपिक, असे सहा जण दरमहा १५ हजारांवर ठेवले तर ९० हजार झाले. दहा अश्वशक्तीचा पंप दिवसाला आठ तास चालवला तर महिन्याला सुमारे १,८०० युनिट वीज लागेल, दहा रुपये दराने तिचे १८ हजार. औषधांचे १५ हजार आणि किरकोळ दुरुस्तीचे ७ हजार धरले की महिन्याचा खर्च १ लाख ३० हजार, वर्षाचा १५ लाख ६० हजार. आता उत्पन्न : उन्हाळ्याचे तीन महिने ३०० जण ५०० रुपये मासिक शुल्क देतील, उरलेले नऊ महिने ६० जण. दोन्ही मिळून ७ लाख २० हजार. तूट आली ८ लाख ४० हजारांची. गावात २० हजार मालमत्ता असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला ४२ रुपये.

हा बेचाळीस रुपयांचा आकडा सभागृहात सांगितला गेला, तर वादाचा सूरच बदलेल. कोणी म्हणेल, पोरे विहिरीत आणि गिरणेच्या डोहात पोहायला जातात, दर उन्हाळ्यात बुडाल्याच्या बातम्या येतात, जीवरक्षकाच्या देखरेखीखाली पोहायला मिळावे म्हणून बेचाळीस रुपये काहीच नाहीत. दुसरा म्हणेल, ज्या तीनशे जणांना शुल्क परवडते त्यांच्यासाठी झोपडपट्टीतल्या घरानेही बेचाळीस रुपये का द्यावेत? दोन्ही मुद्दे वजनाचे आहेत, आणि ते तोलण्यासाठीच आपण सदस्य निवडून देतो. परंतु आकडाच समोर नसेल तर तोलणार काय? मग ‘विकास’ विरुद्ध ‘उधळपट्टी’ असे दोन शब्द तेवढे हवेत फिरत राहतात.

नाट्यगृहाची ढेप याहून महाग. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्यासाठी उभा केलेला मांडव काम झाल्यावर उतरवला गेला. नाट्यगृह उतरवता येत नाही. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन नसेल तर प्रेक्षक दुसऱ्या अंकापर्यंत टिकत नाही, आणि वातानुकूलनासाठी मोठ्या भाराची वीजजोडणी घेतली की प्रयोग असो वा नसो, बिलातला स्थिर आकार दरमहा भरावा लागतो. त्यामुळे तिथे इमारत कशी दिसते यापेक्षा वर्षातून किती दिवस ती वापरली जाणार, हे आधी विचारायला हवे.

तिकीट लावावे की मोफत ठेवावे?

‘वापरणाऱ्याने पैसे द्यावेत’ हे तत्त्व तलावाला लागू पडते, कारण तिथे येणारा मोजता येतो आणि प्रत्येक येणाऱ्यामागे खर्च वाढतो. बागेचे तसे नाही. बागेच्या दाराशी तिकिटासाठी १२ हजार रुपये पगाराचा एक माणूस बसवला आणि तिकीट पाच रुपये ठेवले, तर फक्त त्याचा पगार निघण्यासाठी महिन्याला २,४०० माणसे, म्हणजे रोज ऐंशी माणसे यायला हवीत. त्यानंतरचा रुपया बागेचा. शिवाय पाच रुपये पाहून परत फिरणारे तेच असतात ज्यांच्या घराला अंगण नसते. माझे मत विचाराल तर बाग आणि मैदान मोफत असावे, तलाव आणि नाट्यगृहाला शुल्क असावे, आणि त्यात मुलांना व नगरपालिकेच्या शाळांना सवलत असावी.

शुल्काइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेळेचा. महिलांसाठी स्वतंत्र वेळ आणि महिला जीवरक्षक नसेल तर तलाव कागदावर सर्वांचा आणि प्रत्यक्षात निम्म्या गावाचा असतो. सभागृहात २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरी वेळापत्रक हा विषय पत्रिकेवर फारसा येत नाही.

‘मग खासगी माणसाला चालवायला द्या’

ही सूचना दर वेळी येते आणि दर वेळी तिच्यावरून बाके वाजतात. एका बाजूला ‘नगरपालिकेला चालवता येत नाही’ असे म्हणतात, दुसऱ्या बाजूला ‘गावाची मालमत्ता विकायला काढली’. प्रत्यक्षात ठेक्याने देणे म्हणजे विकणे नव्हे. पण अटी नीट लिहिल्या नाहीत तर फरकही फारसा उरत नाही.

शेत बटाईने देणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बी-बियाणे कोणाचे, विहिरीची मोटार जळाली तर खर्च कोणाचा, बांधावरच्या झाडांची लाकडे कोणाची, हे आधी बोलून घेतले नाही तर सुगीच्या दिवसांत भाऊबंदकी उभी राहते. तलाव किंवा बाग ठेक्याने देतानाही दर कोण ठरवणार, मोठी दुरुस्ती कोणाकडे, मुदत किती, बागेच्या किती जागेवर खाद्यपदार्थांची दुकाने लागणार आणि अनामत किती, हे ठरावाच्या मसुद्यातच असावे लागते. नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता हस्तांतरित करण्यावर कलम ९२ ने बंधने घातली आहेत, त्यामुळे सभागृहाने हात उंचावून मंजुरी दिली म्हणजे सारे झाले असेही नाही.

याला चांगली बाजूही आहे. जळगावात काव्यरत्नावली चौकातले भाऊंचे उद्यान किंवा महात्मा गांधी उद्यान पाहिले, तर महापालिकेची जागा आणि तिथल्या उद्योगसमूहाचा सहभाग असे जमून आलेले दिसते. पण असा दाता प्रत्येक गावाला मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याच्या भरवशावर दहा बागा काढता येत नाहीत.

जागेचा प्रश्न : ओपन स्पेस आणि आरक्षण

पैशाइतकीच भांडणे जागेवरून होतात, फक्त ती हळू आवाजात होतात. नवीन कॉलनी पाडताना चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत दहा टक्के क्षेत्र मोकळे सोडावे लागते. यालाच आपण सगळे ‘ओपन स्पेस’ म्हणतो. दहा-पंधरा वर्षांत तिथे काय उगवते ते कोणत्याही कॉलनीत फिरून पाहा. एका कोपऱ्यात देऊळ, दुसऱ्यात पाण्याची टाकी, मधे बाभळी, आणि एखाद्या निवडणुकीच्या आधी बसवलेली उघडी व्यायामशाळा. माझ्या घराजवळच्या अशा जागेत चालण्याच्या यंत्राचे एक पाऊल निखळले आहे. लोखंडी दांडा तेवढा हलतो आणि मुले त्यालाच लटकून झोके घेतात. ते यंत्र बसवण्याचा ठराव झाला होता, त्याला वंगण देण्याचा झाला नाही.

दुसरी जागा विकास आराखड्यातली. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली शहराचा आराखडा तयार होतो आणि त्यात कोणाकोणाच्या मालकीच्या जमिनीवर बाग, मैदान, शाळा अशी आरक्षणे पडतात. आरक्षण पडले म्हणजे जमीन नगरपालिकेची झाली नाही, तिला ती मोबदला देऊन घ्यावी लागते. आराखडा अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत ती घेतली नाही, तर कलम १२७ नुसार मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलेही उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप सुटते. पैसे नाहीत म्हणून विषय दोन-तीन सभांत तहकूब होत राहिला तरी मैदान हातचे जाऊ शकते. त्यासाठी कोणी विरोधात मत देण्याचीही गरज नसते. तहकुबी निरुपद्रवी वाटते, पण इथे तीच निर्णय असते.

मालकाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. वीस-वीस वर्षे जमीन अडकवून ठेवायची, मोबदला द्यायचा नाही आणि बांधूही द्यायचे नाही, हा अन्यायच आहे. म्हणून कायद्याने ही मुदत घातली.

कर्ज काढून बांधले तर?

जळगावकरांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतः भोगले आहे. नगरपालिकेच्या काळात घरकुले आणि इतर योजनांसाठी हुडको या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण वित्त कंपनीकडून काढलेल्या कर्जाचा बोजा महापालिका झाल्यावरही वर्षानुवर्षे राहिला, आणि रस्त्यांच्या खड्ड्यांपासून कर्मचाऱ्यांच्या देण्यांपर्यंत प्रत्येक चर्चेत त्याचा उल्लेख होत राहिला. कर्ज वाईटच असते असे नाही. पाण्याच्या योजनेसारख्या कामातून पाणीपट्टी येते, तिच्यातून हप्ता फिटू शकतो. पण तुटीत चालणाऱ्या सुविधेसाठी काढलेले कर्ज म्हणजे ढेपही उधारीवर आणि म्हैसही उधारीवर.

ठराव झाला, तरी तो अडू शकतो

सभागृहाचा शब्द शेवटचा नसतो. नगरपरिषदेचा एखादा ठराव बेकायदा किंवा सार्वजनिक हिताला बाधक वाटल्यास जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. बातमीत ‘३०८ चा प्रस्ताव’ असे येते ते हेच. महापालिकांच्या बाबतीत कलम ४५१ खाली शासन ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द करू शकते. विरोधकांच्या हातातले हे मोठे शस्त्र आहे, आणि कधी कधी त्याचा वापर ठराव चुकीचा आहे म्हणून होतो, कधी तो दुसऱ्याचा आहे म्हणून.

सामान्य नागरिकाला सभेत बोलण्याचा अधिकार नाही, पण वाटा बंद नाहीत. आरक्षणात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ नुसार नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी महिनाभराची मुदत असते. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात असते, ती वाचण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते. आणि इतिवृत्त व ठरावाची प्रत माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते.

त्या विषय क्रमांक १४ ची प्रत मी तशीच मागवली. ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन तरणतलाव बांधणेकामी येणाऱ्या खर्चास बहुमताने मंजुरी देण्यात येते’ अशी नोंद, खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे, विरोध करणाऱ्यांची नावे, आणि बांधकामाची रक्कम आकड्यांत व अक्षरांत. जीवरक्षक, पंप, वीज, माळी यांपैकी एकही शब्द त्या पानावर कुठे नव्हता.